माचू पिच्चू हरवलं कधी?

वासंतीबाई फेब्रुवारी २०२०मध्ये मुलाकडे ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला थोड्या दिवसांसाठी म्हणून आल्या आणि अडकल्या. विमानं थांबली, राज्याच्या सीमा बंद झाल्या. मुलगा हृषिकेश सोन्याच्या खाणीत इंजिनिअर, सून यामिनी हॉस्पिटलमध्ये डॉक्टर. दोघं शिफ्टला गेले की घरात त्या एकट्याच. पुण्यात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली होती. पलीकडे कोण बोलतंय आणि कशासाठी, हे जाणून घ्यायची सवय रिटायर झाल्यावरही सुटली नव्हती.

ऑक्टोबरात त्यांनी एक बातमी वाचली. पेरूमध्ये अडकून पडलेल्या एका जपानी पर्यटकासाठी, त्याच्या एकट्यासाठी, माचू पिच्चू उघडलं होतं. आपल्यासारखाच अडकलेला माणूस, म्हणून आधी त्याचं कुतूहल वाटलं. मग फोटोतल्या डोंगरावरच्या त्या दगडी गावाचं. इन्का राजाने ते अधूनमधून येऊन राहायला बांधलं, शंभरेक वर्षांत ओस पडलं आणि १९११मध्ये एका अमेरिकन प्राध्यापकाला ते 'सापडलं', असं नेटवर लिहिलं होतं. त्या शब्दापाशी त्या अडल्या. अख्खं गाव हरवतं कसं, असं त्यांनी जेवताना हृषिकेशला विचारलं.

तो म्हणाला, "माझ्या टीममध्ये साउल आहे, तिकडचाच, कुस्कोचा. त्याची आईपण इथे अडकलीय. तिलाच विचार ना."

रविवारी दुपारी वासंतीबाई नारळाच्या वड्या घेऊन साउलकडे गेल्या. गावात भेटीगाठींना आता मोकळीक होती. साउलची आई एल्विरा त्यांच्याच वयाची, बुटकी, दोन वेण्या घालणारी. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून साउल मध्ये बसला. वासंतीबाईंनी प्रश्न विचारला. साउलने तो स्पॅनिशमध्ये सांगितला, पण एल्विराला कळेना. त्याने वेगळ्या शब्दांत विचारलं, तरी ती गोंधळलेलीच. शेवटी ती काहीतरी म्हणाली आणि साउल हसला.

"ती म्हणते, हरवलं कधी? तिच्या आजीचे नातेवाईक तिथे मका लावायचे. चढ फार, म्हणून सगळे जात नसत, एवढंच."

तो प्राध्यापक वर पोचला तेव्हाही तिथे शेतकऱ्यांची बिऱ्हाडं होती. त्यांनी त्याला गार पाणी आणि उकडलेली रताळी दिली, ही गोष्ट तर त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे, असं साउलने सांगितलं. वासंतीबाईंना भलताच आनंद झाला. मग प्रश्न थांबेनात. एवढ्या पावसात ते गाव डोंगरावरून खाली कसं आलं नाही?

एल्विरा बोलण्याऐवजी उठली आणि त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेली. तिथल्या लाल मातीच्या उतारावर दोघींनी पुढचे काही आठवडे तिकडच्या डोंगरावर असते तशी शेताची एक छोटी पायरी बांधली. पहिली भिंत वासंतीबाईंनी सरळ रचली, ती बादलीभर पाण्याने फुगून पडली. एल्विराने दगड चढाच्या बाजूला किंचित कलते बसवले. आत तळाला मोठे दगड, त्यावर खडी, मग वाळू, सगळ्यात वर माती आणि तिच्यात मका. पाणी ओतलं की ते मुरायचं आणि खालून स्वच्छ होऊन झिरपायचं. साउल कामावर असला की त्या फोनवरच्या भाषांतराने बोलायच्या. फोन चुकीचं सांगतोय असं वाटलं की हाताने दाखवायच्या.

"आई, तुम्ही नखांतली माती तरी काढून या," यामिनी एकदा ताट वाढताना म्हणाली. तिला बरंच वाटलं होतं. सासूबाईंनी कित्येक दिवसांत परतीच्या विमानाचा विषय काढला नव्हता.

जानेवारीत वादळ आलं. रस्त्यांवर पाणी साचलं, शेजारचं कुंपण आडवं झालं. पायरीचा एक कोपराही ढासळला. तिथे दोघींनी घाईत खडी कमी घातली होती. बाकीची उभी राहिली, मक्यासकट.

मार्चमध्ये वासंतीबाईंना विमान मिळालं. एल्विरा निरोप द्यायला आली, रडली, आणि तिने त्यांच्या हातात उकडलेल्या रताळ्यांचा डबा दिला. पर्थच्या विमानतळावर बोर्डिंगच्या रांगेत उभ्या असताना वासंतीबाईंनी मास्क सारखा केला आणि साउलला मेसेज केला: "आईला विचार, राजा तिथे थंडीत यायचा की पावसात? आणि तो नसताना घरं कोण झाडायचं?"