माझ्या वर्गाची हजेरी

आधी चहा संपवा, मग सांगतो. हा किस्सा ऐकताना ठसका लागतो. आयुष्यात मी एकदाच समाजसेवा केली आणि तिच्यात असा तोंडघशी पडलो, की आजही सौंसरचं नाव निघालं की माझे कान गरम होतात!

ब्याऐंशी-त्र्याऐंशी सालची गोष्ट. इंदूरहून माझी सौंसरला बदली झाली होती, कारकून म्हणून. लग्न व्हायचं होतं. गाव चांगलं, माणसं चांगली, पण साडेपाचला ऑफिस सुटलं की पुढे काय? खोलीवर जायचं, खिचडी टाकायची आणि ती शिजेपर्यंत कॅलेंडरातल्या एकादश्या वाचत बसायचं. घरून आलेलं पत्र मी चार-चार वेळा वाचायचो, वरच्या पत्त्यासकट!

अशात एका संध्याकाळी घरमालकीण शकुंतलाकाकूंचा बंड्या माझ्या दारात येऊन बसला.

"काय रे?"

"काई नाई. बसलो."

बसलाच आहे तर मी त्याला तेराचा पाढा शिकवला. दुसऱ्या दिवशी तीन पोरं! आठवड्याभरात रोज पाच! आता काय, माझ्या अंगात वारंच शिरलं. ओसरीवर पाटी लावली, 'बालविकास वर्ग, रोज सहा ते आठ, रविवारी सुट्टी, फी नाही.' उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्यावर तर मी सुटलोच. चित्रकला, गाणी, सामान्य ज्ञान, कागदाची विमानं. आईला पत्र टाकलं, 'इथल्या मुलांना माझ्यावाचून करमत नाही.'

भानगड एकच होती, हजेरीची. रोज पाच पोरं, पण रोज वेगळी! सोमवारी ज्यांनी नदी काढली ते ती रंगवायला थेट पुढच्या सोमवारी उगवायचे. का आला नाहीस विचारलं, की प्रत्येकाचं एकच उत्तर, "लोधीखेड्याची आत्या आली होती." आता मला सांगा, अख्ख्या गल्लीच्या आत्या लोधीखेड्यालाच कशा दिल्या असतील?

माझं डोकं सरकलं. जाहीर करून टाकलं, "जो रोज येणार नाही त्याचं नाव कट!"

बंड्या रडवेला झाला. "पण सर, आज तर माझा नंबरच नोता. मी गोलूच्या बदल्यात आलो."

"कसला नंबर?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शहाण्या माणसानं इथे थांबायचं की नाही? मी थांबलो नाही. मी पालकांची सभा बोलावली!

पंधरा-वीस आया ओसरीवर येऊन बसल्या. मी हजेरीचं रजिस्टर हातात धरून भाषण ठोकलं. "मी घरदार सोडून इथे आलोय. रोजची संध्याकाळ तुमच्या मुलांसाठी देतो. उद्या मी हा वर्ग बंद केला, तर त्यांचं काय होईल याचा विचार केलाय कोणी?"

मग मागून गोलूची आई हळूच म्हणाली, "पोट्ट्यायचं काई नाई होत भाऊ, खेळतीन. पण तुमचं कसं होईन?"

"माझं?"

शकुंतलाकाकूंनी कपाळावर हात मारला. "काऊन बोलली वं तू!" मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, राग नका मानू. तुम्ही नवे नवे आले तवा संध्याकाळी स्टोव्हशी बोलून राहिले होते. 'दमलास का रे' म्हणून इचारत होते त्याले! माह्या जिवाले कसंतरी झालं. आमच्याकडे एकट्या माणसाले सोबत म्हणून घरातलं लेकरू पाठवतात. पण एक पोट्टं रोज दोन घंटे कुठं बसते? मंग गल्लीनं नंबर लावले, रोजचे पाच."

"आन् सराले समजू द्यायचं नाई, अशी ताकीद देल्ली," गोलूची आई म्हणाली. "बसून आलं का शेव भेटते."

"आणि ती लोधीखेड्याची आत्या?"

"ते मीच शिकवलं होतं," काकू ओशाळल्या. "सगळ्यायले एकच आत्या सांगतली, तेवढी चूक झाली."

लाज वाटली, जमीन दुभंगावी इतकी वाटली. आणि खरं सांगू? घर सोडल्यापासून इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. रडू येतंय की हसू हेच कळेना. म्हणजे अख्खा उन्हाळा या गल्लीनं मला सांभाळलं होतं, आणि मी त्यांच्या लेकरांची नावं कापायला निघालो होतो!

"तुम्हाले बंद करायचं असन तर करा भाऊ," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "आम्ही काई जबरदस्ती नाई करून राहिलो."

सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी रजिस्टर मिटलं. पोरं दमतात म्हणून मोठ्या रुबाबात रविवारची सुट्टी मीच जाहीर केली होती ना!

घसा खाकरून म्हणालो, "काकू, रविवारी कोणाचा नंबर लावता येईल का?"