घसरलेला अंगठा

कर्जतच्या आमच्या गिरणीवाल्याची मोबाइलवरची बुद्धिबळाची स्पर्धा वर्षभर चालली. एका खेळीला तीन दिवसांची मुदत. दळताना तो स्वतःच्याच हत्तीला शिव्या घालायचा. शेवटचा डाव हरत आला असताना त्याचा पिठाळ अंगठा घसरला आणि भलतंच प्यादं सरकलं. समोरचा त्यात सापळा शोधत बसला आणि चुकला.

काल मी तांदूळ दळायला नेले, तर हा पोत्यांमध्ये नाचत होता. "आजी, जिंकलो! तो इचारतोय, ही खेळी सुचली कशी?"

"लिही, दोन दिवस विचार केला."

"नाय गं आजी. अंगठा घसरला, हेच लिवतो." त्याने तसं लिहिलं आणि पुन्हा नाचायला लागला.

मग मीही सांगून टाकलं: तरुणपणी रांगोळीच्या ज्या बक्षिसावर मी गावभर नाक वर करून फिरले, ते मिळवून देणारी रांगोळी शेजारणीने काढलेली होती.