आप्पांचा खुलासा

आमच्या निमोण्यात कुणी गेलं, की पाहुण्यांच्या आधी आप्पा बातमीदार दारात हजर असत. चपला बाहेर काढायच्या, टोपी हातात घ्यायची आणि रडणाऱ्यांना सोडून कोपऱ्यात गप्प बसलेल्या माणसाशेजारी जाऊन टेकायचं. पहिला प्रश्न त्यालाच. मी एकदा विचारलं, असं का? म्हणाले, "रडणारा काय गेलं ते सांगतो. मला काय झालं ते पायजे." लोकांना हा माणूस कोरडा वाटायचा. मलाही वाटायचा.

पुण्याच्या एका दैनिकाचे ते वार्ताहर होते, माझ्या जन्माच्याही आधीपासून. भीमेच्या अल्याड आमचा शिरूर तालुका, पल्याड दौंड. दोन्हीकडचे रस्ते त्यांच्या स्कूटरला पाठ होते. तुमच्याही भागात असा एक असेल: प्रत्येक कार्यक्रमात शेवटच्या खुर्चीवर बसणारा, खिशात दोन पेनं ठेवणारा, एक लिहायला आणि दुसरं मागणाऱ्याला द्यायला.

"हात लावून आलो" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विहीर ढासळली म्हणून कळलं, की ते ढासळलेल्या कडेला हात लावून येत. गारपीट झाली, की कांद्याची मोडलेली पात चिमटीत धरून बघत, मगच लिहीत. एकदा गावच्या ग्रुपवर बिबट्याचा फोटो फिरला, खाली लिहिलेलं, निमोण्याच्या मळ्यात आत्ता दिसला. शाळा सुटायच्या आत माणसं काठ्या घेऊन निघाली. बिबटे आमच्याकडे नवे नाहीत, पण आप्पांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि टाकणाऱ्याला म्हणाले, "बिबट्याच्या मागं नारळाची झाडं हायती. निमोण्यात नारळाची बाग कुठं हाय ती दाखव, मी आत्ता बातमी देतो." काठ्या घरी गेल्या. आप्पा मात्र तरीही मळ्यात चक्कर मारून आले.

पूर्वी ते बातमी हातानं लिहून पाकिटात घालत आणि पुण्याच्या एसटीच्या ड्रायव्हरकडे देत. पाकीट स्टँडवर उतरवून घ्यायला पेपरचा माणूस यायचा. बातमी दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी यायची. "शिळी व्हायची, पण नासायची न्हाई," असं ते म्हणत. मग पेपरनं त्यांच्या हातात मोठा फोन दिला आणि पंधरा ग्रुपांत घातलं. तेव्हापासून ते फोनकडे असे बघत, जसं कुणी न विचारता घरात राहायला आलेल्या पाहुण्याकडे बघतं.

आमची गाठ पडली सलूनच्या बाकावर. मी कॉलेज संपवून गावात आले होते आणि आम्ही नदीतल्या जलपर्णीवर पत्रकं काढत होतो. संघटना म्हणजे चार पोरं-पोरी आणि एक झेरॉक्सवाला. मी आप्पांना पत्रक द्यायला गेले, तर त्यांच्या हातात त्यांचाच पेपर उघडा होता. पानभर मथळा: सोशल मीडियाच्या विळख्यात तरुणाई. चित्रात मान खाली घातलेली एक मुलगी, तिच्या गळ्याभोवती फोनच्या वायरचा फास. आणि त्याच पानाच्या तळाशी: ताज्या बातम्यांसाठी आमचं पेज फॉलो करा.

"आप्पा, तुमचा पेपर आमच्याच फोनवर जगतो आन् आम्हालाच शिव्या घालतो," मी म्हणाले.

"पत्रकवाली, आधी बस. मग भांड."

"चित्रात मुलगीच का?"

खुर्चीतला माणूस दाढीचा फेस सांभाळत म्हणाला, "पोरं चित्रात यायला रिकामी कुठं हायती? ती रील काढत्यात." सगळे हसले. आप्पा हसले नाहीत. त्यांनी चित्र पुन्हा पाहिलं आणि पेपर घडी घालून ठेवला. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी पत्रकवालीच झाले.

स्पष्टच लिहिते. पेपरांतला सोशल मीडिया आणि आमच्या घरातला फोन या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आमच्याकडे फोनवर बाजारभाव येतो, कंपनीची बस कुठवर आली ते कळतं, लाईट किती वाजता येणार ते कळतं. शेतातली मोटारसुद्धा फोनवरून चालू होते. स्टार्टरच्या पेटीत सिम असतं, त्या नंबरवर रिंग दिली की पाणी चालू. यातलं काही पेपरात येत नाही असं नाही. फोन बाप्याच्या हातात असला तर येतं: तंत्रस्नेही शेतकरी. तोच फोन त्याच्या मुलीच्या हातात दिसला, की त्याचं नाव नाद.

गेल्या उन्हाळ्यात नदीपल्याडच्या राहू गावची कोमल नदीत बुडाली. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वडील कंपनीत पाळीवर, म्हणून शेत आई आणि ती बघत. दुपार होती. काठावर तिच्या चपला आणि चपलांशेजारी फोन, एवढा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: रील काढताना मुलगी नदीत पडली, पालकांनो सावध व्हा.

आप्पा त्या दिवशी शिरूरला कसल्याशा उद्घाटनाला होते. स्कूटर गॅरेजला होती, गुडघे दुखत होते. पुण्याहून डेस्कचा फोन आला, "आप्पा, बाकी सगळ्यांची बातमी लागली. वीस मिनिटांत पाठवा." त्यांनी राहूच्या एका दुकानदाराला फोन लावला. त्यानं पाहिलं होतं का? नव्हतं. "पण तसंच म्हणत्यात सगळे," तो म्हणाला. आप्पांनी चार ओळी पाठवल्या. कारणं होती. कारणं सगळ्यांनाच असतात. पेपरनं त्या चार ओळींवर मथळा चढवला, रीलचा नाद जिवावर बेतला, आणि शेजारी चौकट: मुलींच्या हाती मोबाईल, पालकांनी काय करावं? खाली आप्पांचं नाव.

दहाव्याला मी राहूला गेले. कोमलची आई भिंतीला टेकून बसली होती. भेटायला आलेल्या बायकांतली एक हळूच म्हणाली, "तो शेवटचा व्हिडिओ हाय का वो फोनात?" आईनं फोन माझ्या हातात दिला. शेवटचे तीन कॉल होते. तिन्ही एकाच नावाला: मोटार.

"मोटार चालू व्हायची, पाणी येईना," आई म्हणाली. "पाइपच्या तोंडाची जाळी जलपर्णीनं भरली हुती. म्या म्हनलं, जा, काढून ये. फोन भिजंल म्हणून काठावर ठिवला तिनं. म्याच पाठवली. कामाला गेली हुती माझी पोर. पेपरात एवढंच छापा. कामाला गेली हुती."

त्याच संध्याकाळी मी आप्पांच्या अंगणात उभी राहिले. पत्रक लिहूनच नेलं होतं, त्यांच्या नावानिशी. खोटारडा हा शब्द दोनदा होता. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं.

"छाप," म्हणाले. "पण उद्या मला तिथं ने."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या गाडीवर राहूला नेलं. ते गुडघाभर पाण्यात उतरले. जाळी अजून तशीच होती. जलपर्णीची मुळं तिच्यात केसांसारखी गुंतलेली. आप्पांनी हात घातला, ओढून पाहिलं, निघेनात. पायाखालचा गाळ सरकला तसे ते डगमगले आणि मी दंड धरला. वर येऊन ते कोमलच्या आईसमोर उभे राहिले. "बाई, ती बातमी माझी हाय. मी आलो न्हवतो."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. "मग आता आलाव तर लिवा."

माझं पत्रक मी छापलं नाही. आप्पांनी खुलासा लिहिला आणि पाठवला. डेस्कचं उत्तर आलं: बातमी जुनी झाली. त्यांनी फोन लावला, मी शेजारीच होते, स्पीकर चालू होता.

"दोन आठवड्यांची बातमी जुनी झाली, मग तुमची त्या मोबाईलच्या नादावरची मालिका कशी चालू हाय?"

"आप्पा, तो विषय वाचकांना भावलाय. तिच्या आईचं दुःख समजतो, पण आता उलट छापलं तर आपलीच विश्वासार्हता जाईल."

"ती गेलीच की," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवला.

त्यानंतर ते दर आठवड्याला तोच खुलासा पाठवत राहिले. पहिल्यांदा फोनवरून, मग पुन्हा हातानं लिहून, पाकिटात घालून. एसटीचा ड्रायव्हर नवा होता. त्याला हे पाकीट कुणाला द्यायचं तेच कळेना. आप्पांनी त्याला सगळी जुनी पद्धत समजावून सांगितली. मला ते बघवेना. मी म्हणाले, "आप्पा, स्टँडवर आता कुणी घ्यायला येत नाही." ते म्हणाले, "ठावं हाय मला."

खुलासा छापला न जाण्यात कुणाची सोय होती, ते तालुक्याच्या बैठकीत कळलं. आम्ही जलपर्णीचं निवेदन घेऊन गेलो. तहसीलदार साहेबांनी फाईलमधून कात्रण काढलं. "त्या मुलीचं नाव जलपर्णीला कशाला जोडता? ती रील करत होती. छापून आलंय." आप्पा शेवटच्या खुर्चीवरून उठले. "साहेब, ते मी लिहिलंय. ते खोटं हाय."

साहेब हसले. "आप्पा, मग तुमचं छापलेलं धरू का बोललेलं?"

सभागृहात हशा पिकला. ज्या माणसानं आयुष्यभर बोललेलं तपासून छापलं, त्याच्या एका न तपासलेल्या ओळीला पुरावा करून ते त्यालाच दाखवत होते. आप्पा बसले नाहीत. बैठक संपेपर्यंत तसेच उभे राहिले.

पुढच्याच महिन्यात पेपरनं निमोण्याला दुसरा वार्ताहर नेमला. तो ग्रुपवरूनच बातम्या देतो, वेळेत देतो. आप्पा माझ्याकडे आले. "पत्रकवाली, तुझा झेरॉक्सवाला माझं एक पान काढील का?" पान त्यांनी स्वतः लिहिलं होतं. वर स्वतःचं नाव, खाली: मी न जाता लिहिलं, मी चुकलो, कोमल मोटारीची जाळी साफ करायला पाण्यात उतरली होती. राहूच्या आठवडे बाजारात आम्ही दोघांनी ते वाटलं. भाजी निवडणाऱ्या बायका ते घेऊन पिशवीत टाकत. एक जण म्हणाला, "आप्पा, आता कशाला? द्या, फोटो काढून ग्रुपवर टाकतो."

"टाक," आप्पा म्हणाले, "पण आधी वाच."

त्यानं टाकला. खाली पाच-सहा जोडलेले हात आले. मग कुणाचा तरी वाढदिवस आला.

थंडीत आप्पा गेले. छातीत दुखलं, शिरूरपर्यंतही पोचले नाहीत. त्यांच्या पेपरचा मला फोन आला, निमोण्यातून कुणी चार ओळी देईल का म्हणून. मी दिल्या. त्यात एक ओळ कोमलची घातली: शेवटचे सहा महिने ते एका चुकीच्या बातमीचा खुलासा मागत होते, ती चूक त्यांची होती, तो खुलासा अजून छापलेला नाही. सकाळी पेपर आला. मथळा: निर्भीड लेखणी शांत झाली. समाजमाध्यमांवर हळहळ. माझी ओळ नव्हती. तिच्या जागी त्यांचा टोपीतला फोटो मोठा केला होता.

मी पेपर घेऊन राहूला गेले. कोमलची आई ऊन खात बसली होती. आप्पा गेल्याचं तिला कळलं होतं. तिनं पेपर उलगडला आणि फोटोवरून हात फिरवला.

"आपलं आलंय का त्यात?"

"न्हाई."

तिनं पेपर माझ्याकडे परत दिला. तेवढ्यात लाईट आली. तिनं कमरेचा फोन काढून मोटारीला रिंग दिली. कोमलचाच फोन. मोटार घुमली, चारीत पाणी येईना. ती उठली आणि पदर खोचत नदीकडं निघाली. मी मागं गेले. काठावर चपला काढल्या, तिच्या पाठोपाठ उतरले आणि तिचा एक हात घट्ट धरून उभी राहिले. दुसऱ्या हातानं ती मुळं तोडत होती.