उमाकांतच्या भिंतीवरचं घुबड

माह्या घरवाल्याचं नाव भागीरथा. स्टील प्लांटमधी सारी नोकरी लोखंडाच्या प्लेटींवर खडूनं नंबर टाकण्यात गेली. रिटायर झाले, अन् कोहका वस्तीतल्या आमच्या घरी मागच्या आंगनात खाट टाकून बसले. पाखरू आलं का पाहाचं, अन् उठून मागच्या भिंतीवर त्याच खडूनं काढाचं. बुलबुल, भारद्वाज, कोतवाल. आमच्या पोरीनं, रेणूनं ड्रॉइंगची कॉपी आणून देल्ली, पण बसून कागदावर यांचा हातच चालत नाही. उभंच राहा लागते. "म्हातारपणी भिंती रंगवून राहिले, लाज वाटते का?" मी रोज कटकट करो. ऐकते कोन!

ती भिंत आमच्या अन् शेजारच्या उमाकांतच्या मधातली. तो म्हणे माझी, मी म्हणो आमची. दिवाळीच्या तोंडावर आम्ही दुर्गले बारशाले गेलो. वापस येऊन पाहतो तं काय, मुडद्यानं आमच्या आंगनात उतरून अख्खी भिंत चुन्यानं पोतलेली! एक पाखरू शिल्लक नाही.

"कावून पोतली?" मी विचारलं.

तो दात काढून म्हणते, "कचरा साफ केला, वहिनी. दिवाळी आहे!"

यांनी खडू घासून पाहिला. पांढऱ्यावर पांढरं, काय दिसन? मंग खाट घरात घेतली, मागचं दार लावलं. जेवा म्हटलं तं हूं नाही का चूं नाही. असा गप झालेला मानूस किती टिकते? अन् तिकडे तो उमाकांत गाणे लावून घराची समोरची भिंत गुलाबी करून राहिला होता. अस्सा राग आला मले!

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याच्या घरचे सारे बाजारात गेले. मी शेगडीतला कोळसा घेतला अन् त्या गुलाबी भिंतीवर, बरोब्बर दाराच्या बाजूले, मोठ्ठं घुबड काढलं.

तो आला अन् बोंबललाच. "हे अपशकुनी कोणी काढलं?"

"मी! लक्ष्मीचं वाहन आहे. दिवाळी आहे!"

गल्ली जमा झाली. आरडाओरडा ऐकून हे अनवाणीच बाहेर आले. घुबडाकडं पाहत राहिले.

"डोये चुकले," ते बोलले. किती दिवसांनी आवाज ऐकला मी! "घुबडाचे डोये समोर असते, बाजूले नाही."

माह्या हातातला कोळसा घेतला अन् भिंतीपुढं उभे राहिले.

"पोलीस बोलावतो!" उमाकांत धावला. मी दोन्ही हात पसरून त्याले आडवी आली.

"बोलाव. पण आधी यांचं काढून होऊ दे."