लेकीची चुकलेली पाळी

कपड्यांच्या कारखान्यात शर्टाच्या कॉलरला इस्त्री करायचं काम ती वीस वर्षं करत होती, म्हणून सगळे तिला कॉलरबाई म्हणायचे. हिला सुरकुती लांबूनच दिसते, असं मास्तर चेष्टेने म्हणत. ऐकून ऐकून तिलाही ते खरं वाटू लागलं होतं.

घरी ती आणि तिची लेक, दोघीच. लेकीला तेराव्या वर्षी पाळी आली, पण तारखेचा मेळ कधी बसला नाही. कधी पाच आठवडे, कधी दोन महिने. "सुरुवातीला व्हायचंच असं," शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली आणि कॉलरबाईने विषय सोडून दिला. तेव्हा त्यात चुकीचं काही नव्हतं.

सोळाव्या वर्षी मात्र सलग चार महिने पाळी आलीच नाही. पोरगी शाळेतून आली की दप्तर टाकून झोपायची. अंगाने सुटली, चेहरा सुजल्यासारखा दिसायला लागला, भर दुपारी शाल गुंडाळून बसायची. एका रात्री कॉलरबाईने तिला समोर बसवलं.

"कोण आहे तो?"

"कोण तो?"

"मला वेडी समजू नकोस."

लेकीला खरोखरच हसू आलं. कॉलरबाईने तिच्या थोबाडीत मारली.

मग औषधाच्या दुकानातून दिवस गेलेत का ते बघायची पट्टी आणली आणि न्हाणीघराचं दार उघडं ठेवून, समोर उभी राहून तपासणी करायला लावली. पट्टीवर काही निघालं नाही. "खराब असेल," म्हणून दुसरी आणली, मग तिसरी.

"आई, मला काय होतंय ते मलाच कळत नाही गं," लेक म्हणाली. "मला भीती वाटतेय."

कॉलरबाईने ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती थेट शाळेत गेली. शिक्षकांच्या खोलीत वर्गशिक्षिकेला गाठून तिने मोठ्याने विचारलं, "माझी मुलगी कुठल्या मुलाबरोबर फिरते?"

बाई दचकल्या. "कुणाबरोबरच नाही. मधल्या सुट्टीतसुद्धा बाकावर डोकं टेकून झोपलेली असते. डॉक्टरांना दाखवलंत का?"

दारात वह्यांचा गठ्ठा घेऊन दोन मुली उभ्या होत्या. शाळा सुटेपर्यंत सगळीकडे बोभाटा झाला. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या फळ्यावर कुणीतरी पोटुशी बाई काढून ठेवली होती. लेकीने स्वतःच्या हाताने ते चित्र पुसलं, घरी आली आणि पुन्हा कधी त्या शाळेत गेली नाही.

आठवड्याने ती जिन्यातच चक्कर येऊन बसली, तेव्हा कुठे डॉक्टरीणबाईंकडे जाणं झालं. रक्त तपासलं. "हिच्या थायरॉइडचं काम मंदावलंय," त्या म्हणाल्या. "सुस्ती, सूज, थंडी वाजणं, पाळी लांबणं, सगळं त्यामुळेच. पहिली दोन-तीन वर्षं पाळी थोडी मागेपुढे होते, त्याचं एवढं काही नाही. पण तीन महिने आलीच नाही, की दाखवायला आणायचं. आता रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी."

"एवढंच?"

"एवढंच."

बाहेरच्या बाकावर बसून कॉलरबाई म्हणाली, "चुकलं गं माझं."

"हं," लेक म्हणाली. रागाने नाही. रिक्षावाल्याने काही विचारल्यावर म्हणावं, तसं.

महिन्याभरात लेक मावशीकडे राहायला गेली. पाळी सुरळीत झाली, हे कॉलरबाईला बहिणीकडून कळलं. ती दर रविवारी लेकीला फोन करते.

"गोळी घेतेस ना?"

"घेते."

"आणि पाळी... येते ना वेळेवर?"

"डॉक्टरांना सांगते मी ते." मग फोन मावशीच्या हातात जातो.

परवा शेजारच्या टेबलावरची तीच बाई दबक्या आवाजात म्हणाली, तिच्या नातीला तीन महिने झाले, पाळी नाही. कॉलरबाईने इस्त्री बाजूला उभी केली. "आजच डॉक्टरकडे ने. आणि तिला काही विचारू नकोस, ती काय सांगते ते ऐक."

"बरं. तुझी लेक कशी आहे गं?"

"बरी आहे," कॉलरबाई म्हणाली. याहून जास्त तिला माहीत नव्हतं.