रसम, राजी आणि बिनवासाचं नेलपॉलिश

नेलपॉलिशची बाटली उघडी राहिली की चार दिवसांत वाळून खडा होते. आमच्या घरचे नेलपॉलिशचे किस्से मात्र कायम उघडेच, आणि तरी ओलेच्या ओले! दोन बायका आल्या, कॉफी झाली, की कुणीतरी म्हणतंच, "शैला, ते इडलीचं सांग ना." मग इडलीवरून चिंच, चिंचेवरून रसम, आणि कॉफीचा दुसरा टंबलर कधी संपतो ते कळत नाही.

मी मूळची सांगलीची, लग्न होऊन कुंभकोणमला आले. सासर तंजावूरकडच्या जुन्या मराठी माणसांचं. दाराबाहेर तमिळ, दाराआत मराठी. आणि मराठीसुद्धा अशी की सुरुवातीला मला वाटायचं, शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातलं कुणीतरी उठून आमच्याकडे कॉफी गाळतंय! सासूबाईंना सगळे अम्मा म्हणतात, सासऱ्यांना अप्पा. आणि नणंद राजी.

राजी लहानपणापासून नखांची वेडी. नखं रंगवून आली म्हणून शाळेत बाईंनी तिला बाकावर उभं केलं, तर ही वरून सगळ्या वर्गाला नखं दाखवत होती म्हणे!

*

ही राजी बाळंतपणाला माहेरी आली. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी दिवस राहिलेले, त्यामुळे घर नुसतं आनंदानं फुललेलं. इकडे सातव्या महिन्यात बांगड्यांचा सोहळा करतात, वळैकाप्पु. एकेक बाई येते, पोटुशीचा हात हातात घेते, गंध लावते, काचेच्या बांगड्या चढवते. इतकी वर्षं राजी दुसऱ्यांच्या हातांत बांगड्या चढवत आली होती. हसत चढवायची आणि घरी येऊन गप्प बसायची. आता पाळी तिची होती.

"वैनी, सगळ्या गावानं माझे हात बघायचे, आणि नखं भुंडी? चेरीसारखी लाल पाहिजेत मला!"

मी तिची जुनी बाटली उघडली. वास आला मात्र, राजी तोंड धरून मोरीकडे पळाली. ओट्यावरून अप्पांचा आवाज, "घरांत लॉरी रंगवताहेत कां?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढा त्रास होतो तर ते लावूच नका. अगदीच हौस असेल तर कमी वासाचं शोधा आणि खिडकीशी बसा." अम्मा म्हणाल्या, "मरुदाणी लाव की!" म्हणजे मेंदी. पाला वाटला, आणि राजी पुन्हा मोरीत. मग मात्र ती रडायलाच लागली. अप्पा दारात येऊन उभे राहिले, इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "नख ही कापायची वस्तु. रंगवायची नव्हे." आणि कॉफी प्यायला निघून गेले. अस्सा राग आला होता मला!

*

मग मी ऑनलाइन बाटल्या मागवायला सुरुवात केली. प्रत्येकीवर लिहिलेलं, हे नाही, ते नाही, अमुक-फ्री, तमुक-फ्री. अप्पांनी चष्मा लावून एक बाटली पूर्ण वाचली. "काय काय नाहीं तें लिहिलंय. मग आहे काय आंत?"

प्रश्न बरोबर होता हो! नुसत्या लेबलावर विसंबून कसं चालेल? तपासणी अम्मांनी शोधून काढली. टेबलावर ताजी कॉफी, शेजारी उघडी बाटली, आणि खुर्चीत अप्पा. त्यांना काही सांगायचं नाही. न बोलता कॉफी प्यायले तर बाटली पास. टंबलर उचलून, हुंगून परत ठेवला तर नापास. कुंभकोणमच्या माणसाला कॉफीत दुसरा वास खपतच नाही, त्यामुळे याहून कडक परीक्षा कुठली?

पानाफुलांचं चित्र असलेली एक महागडी बाटली होती. अप्पांनी पहिलाच घोट घेतला आणि ओरडले, "कॉफींत घासलेट कोणी घातलं?"

*

एक बाटली सोलून निघणाऱ्या पॉलिशची होती. काढायला रिमूव्हर नको, टोक धरायचं आणि ओढायचं. मी म्हटलं, वा, हेच! आधी स्वतःच्या नखांना लावून बघितलं. छान बसलं. संध्याकाळी इडलीचं पीठ कालवलं. आमच्याकडे पीठ हातानंच कालवायचं, चमचा लावला तर पीठ रुसतं असं अम्मांचं ठाम मत.

सकाळी अप्पांच्या पानात इडली पडली. त्यांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, "आज इडलीवर चेरी कां?"

माझं अंगठ्याचं अख्खं नख! सगळं पीठ ओतून द्यावं लागलं. अम्मा रागावतील म्हणून मी मान खाली घालून उभी, तर त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसत होत्या की त्यांना खाली बसवावं लागलं.

*

आता रिमूव्हर. नेहमीच्या रिमूव्हरचा वास तर पॉलिशच्याही वर. शेजारच्या भानुअक्का पितळेची समई आरशासारखी घासतात. त्यांचा विश्वास असा की चिंचेनं निघत नाही असं जगात काही नाही. माझ्या नखांवर एक जुना हट्टी गुलाबी रंग होता. त्यांनी माझा हात मांडीवर घेतला आणि चिंचेचा गोळा घेऊन समई घासावी तशी घासायला लागल्या. मी "अय्यो, अक्का, पुरे!" म्हणतेय, पण ऐकतंय कोण!

धुऊन बघितलं तर रंग जागच्या जागी. माझ्या बोटातली तांब्याची अंगठी मात्र अशी लखलखायला लागली की भानुअक्कांनी सगळ्या गल्लीला बोलावून दाखवली.

शेवटी एक बिनवासाचं, तेलकट रिमूव्हर मिळालं. काम करायचं, पण आपल्या सवडीनं. कापसाचा बोळा भिजवून नखावर ठेवायचा, वर फॉइल गुंडाळायचं आणि स्वस्थ बसायचं. दहा बोटांना चंदेरी टोप्या घालून राजी बसली होती, आणि नेमक्या त्याच वेळी साक्कोट्टैहून तिच्या सासूबाई आल्या. दारातूनच त्यांनी हंबरडा फोडला, "अय्यो! माझे सुनेचे हात भाजले कीं काय!"

समजूत घालता घालता नाकी नऊ आले. सगळं ऐकून घेतल्यावर विहीणबाईंनी इकडे तिकडे पाहिलं, हळूच आपला पाय पुढे केला आणि म्हणाल्या, "त्यांत थोडं उरलं असेल तर ह्या अंगठ्याला बघ. दिवाळीपासून आहे."

*

कॉफीच्या परीक्षेत अखेर एक बाटली पास झाली. पाण्यावर बनवलेलं पॉलिश, चेरीसारखं लाल, वास जवळजवळ नाहीच. राजीनं खिडकीशी बसून लावलं, मोरीकडे धावली नाही, आणि आम्ही टाळ्या पिटल्या! रंगलेली नखं घेऊन तिरुविडैमरुदूरला एका लग्नाला गेलो. पंगत बसली. वाफाळलेला रसम-भात, राजीनं मनसोक्त कालवला आणि चवीनं ओरपला.

उठताना बघते तर केळीच्या पानावर मिऱ्यांच्या शेजारी लाल टिकल्या! उजव्या हाताची नखं साफ, डाव्याची जशीच्या तशी. आता हळदीकुंकू घ्यायचं, तांबूल घ्यायचं, नमस्कार करायचा, सगळं उजव्या हातानं. अम्मा कपाळावर हात मारून म्हणाल्या, "दाखवायचा तो हात उघडा, आणि लपवायचा तो रंगवला!"

घरी येताना राजीचा चेहरा उतरला होता. अम्मा गाडीत म्हणाल्या, "तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या गणपतीला पाण्याचा अभिषेक चालत नाहीं. तुझं पॉलिश त्याच गोत्राचं. देवाला सांभाळतात, तसं हें सांभाळूं."

आणि सांभाळलं! सोहळ्याच्या आदल्या दिवशी राजीच्या हातांना तीन पातळ हात दिले, आणि त्यानंतर अम्मांनी तिला कशालाही हात लावू दिला नाही. रसम-भात कालवून स्वतःच्या हातानं भरवला. एवढी मोठी घोडी, आ करून बसलेली! दोघी हसत होत्या, आणि मध्येच अम्मांचे डोळे भरून आले. माझेही आले, उगाच कशाला लपवू?

*

सोहळ्याची सकाळ. मी आणि अम्मा स्वयंपाकघरात, चिंचेचा भात, लिंबाचा भात, दहीभात, नुसती धांदल. आणि राजीला आठवलं, पाटावर पाय पुढे सोडून बसायचं, पायांना हळद लावायची, आणि पायाची नखं तर राहिली! स्वतः लावावीत तर पोटापुढे पायच दिसेनात. "वैनी!" म्हणून हाका मारत होती, पण माझे हात भातात.

अप्पांची कॉफी घेऊन मी बाहेर आले आणि दारातच थबकले. खिडकीशी राजी खुर्चीत. खाली जमिनीवर अप्पा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात इवलासा ब्रश.

"अप्पा, नको! माझे पायाला हात लावूं नका!"

"हलूं नको," अप्पा मान वर न करता म्हणाले. "रेघेबाहेर जातें."

मी कॉफी तिथेच ठेवून मागं फिरले.

सोहळा काय वर्णू! कोपरापर्यंत हिरव्या-लाल बांगड्या, गालांना गंध, आणि राजी हात हलवून हलवून बाळाला किणकिण ऐकवत होती. विहीणबाईंनी हळद लावताना पाऊल निरखलं. "काय सुबक रंगवलंय ग! कुठलं पार्लर?"

राजीनं फक्त हसून दाखवलं.

तेवढ्यात अप्पा तांबूलाचं ताट घेऊन आले. बायका विड्याची पानं घेत होत्या, आणि घेता घेता एकेकीचा हात तिथेच थांबत होता. अप्पांच्या उजव्या करंगळीचं नख, लालचुटूक!

अम्मांनीही पाहिलं. माझ्या कानाशी वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "शैले, आज पंगतींत ह्यांना रसम वाढूं नको."