लाइनमन अण्णा आणि हलकं पॅनल

लाइनमन अण्णा कुठलीही वस्तू घेण्याआधी तळहातावर तोलून बघत. छत्री, टॉर्च, पातेलं, चप्पल, काहीही. एकदा माझ्याकडे उतरलेल्या पाहुण्यांचं तान्हं बाळ त्यांनी उचललं आणि त्याच्या आईला तोंडावर सांगितलं, "चांगला हलका हाय." ती बाई जी रुसली ती दोन दिवस धड जेवली नाही. अण्णा आपले खुशीत, त्यांच्या मते त्यांनी कौतुक केलं होतं.

त्यांचा तरी काय दोष? तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेलेली. कमरेला लटकवायचं ते सगळं स्वतःच वर न्यायचं. "खांबाव चढनाऱ्यानं बायको पन हलकी बघावी," असं ते म्हणाले की आतून काकूंचा आवाज यायचा, "ऐकतेय हो मी!"

निवृत्त झाल्यावर माणसं देवळाच्या कट्ट्यावर बसतात. अण्णांनी लॅपटॉप घेतला. अर्थात, दुकानातले सगळे उचलून बघून. आमच्या श्रीवर्धनच्या आळीत अठरा घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात. त्या अठरा घरांच्या वेबसाइटी अण्णांनी स्वतः शिकून बनवल्या आणि कुठल्याशा परदेशातल्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवल्या. सर्व्हर अगदी लहान, एक जीबी मेमरीचा. मोठा घ्या म्हटलं की उसळायचे, "कशाला? माज हाय काय?"

आमचं सगळं त्या साइटींवर. पाहुणा साइटवर फॉर्म भरतो, तो आमच्या मोबाईलवर येतो, आम्ही उलट फोन करतो. नाताळच्या सुट्टीचे फॉर्म डिसेंबरच्या सुरुवातीला येतात, आणि ते आठ-दहा दिवस हुकले तर पुढचे चार महिने खोल्यांना झाडू मारत बसायचं. म्हणून त्या वर्षी दिवाळी झाल्या झाल्या अण्णांनी मनावर घेतलं की सर्व्हरला एक नीट पॅनल बसवायचं. पॅनल म्हणजे ज्या एका पानावरून साइटी चालवायच्या, पासवर्ड बदलायचे, जागा किती उरली ते बघायचं, ते पान. "उद्या मला काय झालं तर ह्ये वैनीला चालवता आलं पायजे," असं त्यांनी परस्पर जाहीर केलं. वैनी म्हणजे मी. मला कुणी विचारलं नव्हतं.

मग रोज सकाळी अण्णा माझ्या ओटीवर. स्टुलावर लॅपटॉप, शेजारी मी, आणि आत चुलीवर माझा तवा तापलेला. पहिलं पॅनल सगळ्यात प्रसिद्ध, दिसायला झकपक. पण ते एकटंच निम्म्याहून जास्त मेमरी खाऊन बसलं. माझ्या साइटवर उकडीच्या मोदकांचा फोटो उघडेपर्यंत खरे मोदक वाफवून झाले असते. अण्णांनी ते संध्याकाळच्या आत काढून टाकलं. दुसरं इतकं हलकं, की त्यात बटणंच नव्हती. नुसती काळी पाटी आणि त्यावर आपणच काय काय लिहायचं. मी म्हटलं, "अण्णा, याच्यापेक्षा मी खांबावर चढते." तेही गेलं.

तिसरं मात्र आम्हा दोघांनाही आवडलं. साधं, स्वच्छ, आणि काय काय बसवायचं त्याची यादी समोर. हवं त्याच्यावर टिक करायची, नको त्याची काढायची. अण्णा एकेक टिक काढत सुटले. मेल पाठवण्यापाशी येऊन थांबले. त्याच्यासोबत व्हायरस शोधणारा आणि कचरा गाळणारा असे दोघे येत होते, आणि दोघेही भयंकर खादाड.

"वैनी, तू मेल बघतेस का गो?"

"छे! मला कुठला वेळ? मोबाईलवर टिंग करून येतं तेवढं बघते."

अण्णांनी तिन्ही टिका काढल्या. पॅनल असं काही हलकं झालं, की त्यांनी त्या आनंदात आळीभर नारळाच्या वड्या वाटल्या.

आणि डिसेंबर उजाडला. माझ्या मोबाईलला टिंग नाही की टांग नाही. मला वाटलं, माझंच नशीब फुटकं. कारण समोरच्या नलिनीताई सांगत होत्या, "फुल्ल आहे ग बाई, श्वास घ्यायला फुरसत नाही." मीही सांगितलं, फुल्ल. आमच्या आळीत एक वेळ ताप आल्याचं कबूल करतील, खोली रिकामी असल्याचं करणार नाहीत. पाहुणे असले की दोरीवर चादरी दिसतात, म्हणून नलिनीताईंनी चादरी धुतल्या. त्या बघून मी माझ्या सहा कोऱ्या करकरीत चादरी पाण्यात बुचकळून वाळत टाकल्या. आठवड्याभरात अठराच्या अठरा दोऱ्या भरल्या. अण्णा सकाळी आळीतून फेरी मारायचे, चादरी बघायचे आणि म्हणायचे, "पॅनल पावलं!"

आमचं बिंग फोडलं हिराबाईनं. ही कोळीवाड्यातून मासे घेऊन येणारी. मी चार बांगडे मागितले तशी ती टोपली खाली ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली. "काय गो, आख्ख्या आलीत पावनं हान, न पापलेट कोनीच घेत न्हाय! पावन्यांना चादरी खायला घालता काय?"

मला हसूही आलं आणि बांगडेही राहिले. तशीच अण्णांकडे गेले आणि म्हटलं, "अण्णा, माझ्याकडे एक माणूस नाहीये. बहुतेक कुणाकडेच नाहीये."

अण्णांनी माझ्या साइटवर स्वतः फॉर्म भरला. पडद्यावर आलं, 'धन्यवाद, आम्ही लवकरच संपर्क करू.' आम्ही माझ्या मोबाईलकडे बघत बसलो. काही आलं नाही. तेव्हा कुठे उजेड पडला, की मोबाईलवर टिंग करून येत होतं तेच मेल होतं! अण्णांचा चेहरा पडला. "म्हंजे मानसं तिकडं वाट बघत ऱ्हायली, आन् आपन हितं चादरी धुतोय."

मी म्हटलं, "चूक माझी. मीच सांगितलं, मेल बघत नाही म्हणून."

"न्हाय. टिक मी काढली."

आणि हा सत्तरीचा माणूस त्याच दुपारी अठरा अंगणांत जाऊन उभा राहिला आणि प्रत्येक घरी हेच म्हणाला. काहींनी नको नको ते ऐकवलं. अण्णांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला फार लागलं ते.

नशीब एवढंच, की साइटींनी सगळे फॉर्म आपल्यापाशी जपून ठेवले होते. अण्णांनी ते पॅनलमधून काढले आणि माझ्या ओटीवर अठरा घरांची माणसं मोबाईल घेऊन बसली. निम्मे पाहुणे गेले होते दुसरीकडे. उरलेल्यांना वाटून घेताना जन्मात पहिल्यांदा नलिनीताई मोठ्याने म्हणाल्या, "माझ्या तिन्ही खोल्या रिकाम्या आहेत. माझ्याकडे पाठवा." आता आमच्या आळीत असं सर्रास बोलतात. तो नाताळ आम्ही कसाबसा निभावला.

अण्णांनी पॅनल तेच ठेवलं. फक्त मेल पाठवायची सोय परत बसवली आणि त्या दोन खादाडांना बाहेरच ठेवलं. "पोस्टमन पायजेच," म्हणाले, "पहारेकरी आपल्याला परवडत न्हाय." पण त्यांच्या मनाने धसका घेतला तो घेतलाच. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला ते अठराही साइटींवर फॉर्म भरू लागले. नाव: अण्णा. माणसं: एक. जेवण: बोंबील असतील तर. टिंग वाजलं की समजायचं, आपलं दुकान उघडं आहे. नलिनीताईंनी पहिल्या दिवशी बिचाऱ्यांना एसी खोलीचा दर कळवला. मी कळवायचे, "बोंबील नाहीत, पिठलं चालेल का?" उत्तर यायचं, "चालेल. हलकं असतं."

पुढे गुडघे गेले आणि लेक त्यांना नि काकूंना नाशिकला घेऊन गेली. पॅनल माझ्या गळ्यात पडलं. पण सातचा फॉर्म काही चुकला नाही. पाच वर्षं. पाऊस असो, सणवार असो, आजारपण असो, सात वाजता एक माणूस, बोंबील असतील तर.

गेल्या श्रावणात एका सकाळी नलिनीताई ओल्या हातांनीच माझ्या ओटीवर आल्या. "अगो, सर्व्हर बंद पडला की काय? अण्णांचा फॉर्म नाही आला." तेवढ्यात आणखी तिघांचे फोन आले, सगळ्यांचं तेच. मी पॅनल उघडलं. अठरा साइटी चालू. मेल चालू. मेमरी निम्मी मोकळी. माझ्याच साइटवर मी एक फॉर्म भरून पाहिला, आणि हातातला मोबाईल लगेच वाजला.

"झाला का ग दुरुस्त?" नलिनीताईंनी विचारलं.

नाशिकचा फोन यायला अजून तासभर होता, पण मला कळून चुकलं होतं. सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं.